कीर्द ते कमांड : नोंदींच्या गोषवाऱ्याचा इतिहास आणि कबनूर

सुट्या नोंदी एखाद्या समान गुणावरून गटांत लावायच्या आणि प्रत्येक गटासाठी संख्या, बेरीज किंवा सरासरी काढायची, हे काम आज संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या एका कमांडने होते. हे काम स्वतः मात्र संगणकापेक्षा फार जुने आहे. मराठी मुलखात ते आधी दप्तरातल्या कारकुनाने केले, मग गावच्या कुलकर्ण्याने आणि तलाठ्याने, पुढे जनगणनेच्या कचेरीने आणि अर्थशास्त्राच्या संशोधकाने. साधने बदलत गेली, तसा नव्या प्रश्नासाठी नोंदी पुन्हा लावून पाहण्याचा खर्च उतरत गेला. गट कशावरून पाडायचे, हा निर्णय मात्र प्रत्येक काळात माणसालाच घ्यावा लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीला लागून असलेले कबनूर हे या निर्णयाचे वजन दाखवणारे गाव आहे. इथे शेती आहे, यंत्रमाग आहेत, आणि जनगणनेच्या तक्त्यात या वस्तीची गणना शहरांत होते.

कीर्द आणि खतावणी

पेशवाईतील हिशेबाची पहिली पायरी रोजकीर्द ही होती. त्या दिवशी जे घडले ते त्याच क्रमाने कीर्दीत लिहायचे: कोणाकडून किती जमा, कोणाला कशासाठी किती खर्च. कीर्दीतील नोंदींचा क्रम काळाचा असतो. एका सरदाराला वर्षभरात किती रक्कम गेली, हे तिच्यातून सहज कळत नाही, कारण त्याच्या नोंदी तीनशेहून अधिक दिवसांत विखुरलेल्या असतात. म्हणून दुसरी पायरी खतावणीची. कीर्दीतील प्रत्येक नोंद तिच्या खात्यावर उचलून न्यायची आणि खात्याखाली बेरीज मारायची. मूळ नोंद तीच राहते, फक्त ती लावण्याचा आधार दिनांकाऐवजी खाते हा होतो. आजच्या सॉफ्टवेअरमधील गटवारी याच तत्त्वावर चालते.

पुण्याच्या हुजूर दप्तराचे दोन मुख्य भाग होते: चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालू कारभाराचे कागद चालत्या दप्तरात तयार होत. एकबेरीज दप्तर कायम पुण्यात असे. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे येत, त्यांची वर्गवारी होई आणि जमा, खर्च व शिल्लक यांचे वार्षिक गोषवारे बनत. खर्चाच्या बाबींप्रमाणे खतावण्या आणि वर्षांचा एकत्र तपशील देणारे तर्जुमे हे या दप्तराचे ठरलेले काम होते. म्हणजे नोंद करणारा विभाग वेगळा आणि नोंदींची बेरीज करणारा विभाग वेगळा, ही विभागणी अठराव्या शतकातच रूढ झाली होती. तिचा फायदा उघड आहे. गोषवारा करणाऱ्याला कीर्द बदलता येत नाही आणि कीर्द लिहिणाऱ्याला गोषवाऱ्याची बेरीज आपल्या सोयीने मारता येत नाही. मोडी लिपीतील हे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही रुमालांत बांधलेले आहेत. इतिहासकार त्यांतून नवनवे प्रश्न विचारू शकतात याचे कारण, गोषवाऱ्यांबरोबर मूळ नोंदीही जपल्या गेल्या.

गावाचे नमुने

इंग्रजी अमलात या पद्धतीला जमिनीच्या मोजणीची जोड मिळाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली, तिच्यात प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि मातीची खोली व जात पाहून त्याची प्रत ठरली. हजारो शेते थोड्या प्रतींत बसवायची आणि प्रतीवरून आकार, म्हणजे सारा, ठरवायचा, ही कल्पना पुढे मुंबई इलाख्यातील सगळ्या महसुली पाहणीचा पाया झाली. कोल्हापूर संस्थानाविषयी मेजर डी. सी. ग्रॅहॅम यांचा सांख्यिकी अहवाल १८५४ मध्ये मुंबई सरकारने प्रसिद्ध केला आणि १८८६ मध्ये मुंबई गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयीचा चोविसावा खंड निघाला. दोन्हींमुळे संस्थानाची माहिती तक्त्यांच्या रूपाने छापील स्वरूपात आली.

गावात या नोंदी कुलकर्णी ठेवत असे. हे काम वतनी होते, त्यामुळे नोंद आणि ती वाचण्याची किल्ली दोन्ही एकाच घराण्याकडे राहत. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. जमिनीच्या नोंदी राखणारा माणूस त्यामुळे सरकारचा नोकर झाला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि इथल्या गावांच्या दप्तराचा कारभार मुंबई राज्याच्या चौकटीत आला.

तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुने पाहिले, तर एकाच नोंदीची वेगवेगळी गटवारी कशी होते हे स्पष्ट दिसते. सात नंबरचा नमुना जमिनीच्या तुकड्याचा असतो: हा गट नंबर, एवढे क्षेत्र, हे धारक, हे बोजे. बारा नंबरात त्याच तुकड्यावर कोणते पीक किती क्षेत्रात होते ते लिहिले जाते. दोन्ही मिळून सातबारा होतो आणि त्याचे एकक जमीन हे असते. आठ-अ मध्ये त्याच नोंदी खातेदाराप्रमाणे लावलेल्या असतात. एका खातेदाराचे गावात जितके तुकडे असतील तितके एका खात्याखाली येतात आणि क्षेत्राची व आकाराची बेरीज होते. बारा नंबरच्या नोंदी पिकाप्रमाणे एकत्र केल्या की गावाच्या पिकांचा तक्ता तयार होतो, त्यासाठी अकरा नंबरचा नमुना आहे. जमीन तीच असते. तुकड्यावरून लावली तर हक्क दिसतो, खातेदारावरून लावली तर देणे दिसते, पिकावरून लावली तर गावाचे उत्पादन दिसते.

या रचनेची मर्यादाही तिच्यातच आहे. आठ-अ गावापुरता असतो. एकाच माणसाची जमीन शेजारच्या तीन गावांत असेल, तर तीन आठ-अ निघतात आणि प्रत्येकात तो लहान शेतकरी दिसू शकतो. महाराष्ट्रात १९६१ मध्ये शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला, तेव्हा कुटुंबाची सगळीकडची जमीन एकत्र मोजावी लागली. त्यासाठी गावाची भिंत ओलांडून कुटुंब हा नवा गट उभा करणे भाग पडले.

मूळ नोंद टिकली की शंभर-दीडशे वर्षांनीही तिची नवी गटवारी करता येते, याचे उत्तम उदाहरण डॉ. हॅरॉल्ड मान यांचे आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुने गावदप्तर खातेदाराप्रमाणे लावून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते आणि १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले होते. महसूल वसुलीसाठी केलेल्या नोंदींतून जमिनीचे तुकडे पडण्याचा प्रश्न असा आकड्यांनी उभा राहिला. १७७१ मध्ये ज्याने ती नोंद केली, त्याच्या मनात हा प्रश्न असण्याचे कारण नव्हते.

माणसांची गटवारी

जमिनीप्रमाणे माणसांच्या नोंदीही गटांत लावल्या गेल्या, आणि कोल्हापुरात त्यांतून एक मोठा सामाजिक निर्णय पुढे आला. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये अधिकार हाती घेतले तेव्हा संस्थानच्या कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. नोकरांची यादी नावाने वाचली तर ती केवळ यादी असते. जातीप्रमाणे लावून मोजली की कारभाराचे रूप समोर येते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९१२ मध्ये ९५ अधिकारपदांपैकी ३५ पदांवर ब्राह्मण होते. धोरणाची गरज ज्या गटवारीने दाखवली, त्याच गटवारीने त्याचा परिणामही मोजता आला. दोन्ही वेळचे आकडे तुलनेला येतात, कारण दोन्ही वेळी गट पाडण्याचा आधार एकच होता.

जनगणनेत हे काम लाखो माणसांसाठी करायचे असे. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होऊ लागली. पहिल्या दोन वेळा तक्ते खुणा मारून केले जात: मोठ्या कागदावर रकाने आखायचे, प्रगणकाची वही वाचत जायची आणि योग्य रकान्यात माणसामागे एक खूण करायची. शेवटी खुणा मोजायच्या. या पद्धतीत एकदा खूण पडली की ती कोणत्या माणसाची होती हे कळत नसे. चूक शोधायची तर वही पहिल्यापासून वाचावी लागे.

१९०१ च्या जनगणनेत चिठ्ठ्यांची पद्धत आली. बव्हेरियात गेओर्ग फॉन मायर यांनी ती आधी वापरली होती. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची आणि वहीतील तपशील तिच्यावर उतरवायचा. उतरवण्याचे श्रम वाचावेत म्हणून कागदाचा रंग धर्म सांगे आणि छापील खुणा लिंग व वैवाहिक स्थिती सांगत. मग चिठ्ठ्या खणांत वाटायच्या, प्रत्येक खणातील मोजायच्या आणि आकडा तक्त्यात भरायचा. पुढच्या तक्त्यासाठी त्याच चिठ्ठ्या गोळा करून वेगळ्या आधाराने पुन्हा वाटायच्या. वयाप्रमाणे लावलेली चिठ्ठी आता व्यवसायाच्या खणात जाई. एका माणसाची एक स्वतंत्र नोंद आणि तिचे हवे तसे पुनर्वाटप, ही आजच्या विदासंचाची रचना भारतात कागदावर अशी प्रथम मोठ्या प्रमाणात उभी राहिली.

कोल्हापूर संस्थानाचीही अशीच मोजणी झाली. १९०१ मध्ये संस्थानाची लोकसंख्या नऊ लाख दहा हजारांच्या आसपास होती, १८९१ पेक्षा किंचित कमी. मधल्या दशकात दुष्काळ आणि प्लेग येऊन गेले होते. एवढ्या चिठ्ठ्या एका तक्त्यासाठी खणांत टाकणे हे अनेक कारकुनांचे, अनेक दिवसांचे काम होते. म्हणून तक्ते आधीच ठरवलेले असत आणि त्यांची संख्या मर्यादित असे. जो प्रश्न त्या यादीत नव्हता, त्याचे उत्तर छापील खंडांत मिळत नाही.

यंत्राची वर्गवारी

वर्गवारीचे हे श्रम यंत्राकडे देण्याची वाट अमेरिकेत निघाली. हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी भोके पाडलेल्या पत्त्यांची यंत्रे पुरवली. चिठ्ठीची जागा पत्त्याने घेतली, रंग आणि खुणांची जागा भोकांनी, आणि कोणत्या जागी भोक आहे त्यावरून पत्ता मोजून योग्य खणात पाठवण्याचे काम विजेच्या साहाय्याने होऊ लागले. तत्त्व चिठ्ठ्यांचेच होते, वेग मात्र फार वाढला.

महाराष्ट्रात त्यानंतरची कित्येक दशके संशोधनातील बरीच गटवारी हातानेच होत राहिली, आणि तरीही तिच्यातून भक्कम काम उभे राहिले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. कुटुंबाकुटुंबाची पत्रके भरून घ्यायची, ती उत्पन्न, व्यवसाय, जात, शिक्षण, घर अशा आधारांवर लावायची आणि तक्त्यांतून शहराचे किंवा तालुक्याचे चित्र मांडायचे, ही या संस्थेची ओळख बनली. कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी याच संस्थेने केली. नी. वि. सोवनी यांनी लिहिलेले तिचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळात निघाले. पहिला लोकसंख्या व जननक्षमतेवर, दुसरा उद्योग, व्यापार व कामगारांवर, तिसरा कुटुंबाच्या राहणीमानावर.

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली आणि कुटुंबांच्या खर्चाचे आकडे नियमित मिळू लागले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास अशा गटवारीवर उभा होता. कुटुंबे दरडोई खर्चाप्रमाणे गटांत लावलेली होती. रोज सरासरी २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या पायरीवर होतो, ती पायरी धरून त्याखालच्या गटांची मोजणी त्यांनी केली. एका आकड्यावर आखलेल्या रेषेने देशाच्या नियोजनाची चर्चा बदलली.

कमांड आल्यावर

१९६० आणि १९७० च्या दशकांत गटवारी ही सॉफ्टवेअरमधील लिखित आज्ञा बनली. सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांसाठी एसपीएसएस १९६८ मध्ये आले. नॉर्थ कॅरोलायनात शेतीच्या प्रयोगांचे विश्लेषण करण्यासाठी सुरू झालेल्या कामातून एसएएस वाढले आणि १९७६ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेतून पुढे एसक्यूएल झाली. तिच्यातील ‘ग्रुप बाय’ हे शब्द आज बँकेपासून महसूल खात्यापर्यंत सर्वत्र चालतात. १९८५ मध्ये स्टाटा आले. बेल प्रयोगशाळेतील एस या भाषेचा वारसा घेऊन ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर ही भाषा तयार केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० मध्ये निघाली आणि ती सर्वांना विनामूल्य मिळाली. हॅडली विकम यांनी २०११ मधील एका लेखात या साऱ्या कामाचे सूत्र तीन पायऱ्यांत सांगितले: नोंदी वेगळ्या करा, प्रत्येक गटावर एकच क्रिया करा, निकाल पुन्हा जोडा. खतावणी करणारा कारकूनही याच तीन पायऱ्यांनी जात असे.

या कमांडांचे काम कबनूरसारख्या गावातील यंत्रमागाच्या वहीवर नीट समजते. इचलकरंजीत १९०४ मध्ये जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे हा धंदा शहराबाहेर शेजारच्या गावांत पसरला. यंत्रमाग कारखान्यात कामगाराला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते आणि दर कापडाच्या पिकावर, म्हणजे इंचातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरतो. दिवाणजीच्या वहीत प्रत्येक पाळीची नोंद होते: दिनांक, पाळी, माग क्रमांक, कामगार, कापडाची जात, मीटर.

ही वही संगणकात एका ओळीला एक नोंद अशी भरली, तर गटवारीचे तीन वेगळे आधार लगेच दिसतात. कामगारावरून गट केला आणि मीटरला दराने गुणून बेरीज मारली की आठवड्याचा पगार निघतो. कापडाच्या जातीवरून गट केला की कोणत्या जातीचे किती कापड तयार झाले ते कळते. मजुरीवर माग चालवणाऱ्या खर्चीवाल्याला हाच आकडा लागतो. माग क्रमांकावरून गट केला की कोणता माग सतत मागे पडतो आहे हे समजते आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला तो दाखवता येतो. सातबारा, आठ-अ आणि पिकांचा तक्ता यांचे जे नाते, तेच या तीन गोषवाऱ्यांचे आहे.

स्टाटामध्ये ‘बाय’ या कमांडला नोंदी आधी त्या आधाराने क्रमाने लावलेल्या लागतात. क्रम लावणे आणि गटवार काम करणे एकत्र हवे असेल तर ‘बायसॉर्ट’ वापरतात. चिठ्ठ्या आधी खणांत टाकाव्या लागत, ती पायरीच इथे कायम आहे. पुढे दोन मार्ग आहेत. ‘कोलॅप्स’ ही कमांड मूळ नोंदींच्या जागी गटामागे एक ओळ ठेवते. हजार पाळ्यांच्या वहीतून वीस कामगारांच्या वीस ओळी उरतात. ‘ईजेन’ ही कमांड मूळ हजार ओळी तशाच ठेवते आणि प्रत्येकीपुढे तिच्या गटाची बेरीज किंवा सरासरी लिहिते. पगारपत्रकासाठी पहिली योग्य आहे. एखाद्या पाळीचे काम त्या कामगाराच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त होते हे पाहायचे, तर दुसरी लागते. ‘कोलॅप्स’ करण्याआधी मूळ संच वेगळा जतन करावा लागतो. जतन न करता गोषवाऱ्याने मूळ धारिका पुसली, तर नवा प्रश्न विचारण्याची सोयच संपते. आर भाषेत ‘अ‍ॅग्रिगेट’ किंवा ‘समराइज’ यांनी काढलेला गोषवारा नव्या नावाने ठेवला की मूळ सारणी शाबूत राहते. पुण्याच्या एकबेरीज दप्तराची कामगिरीही मूळ हिशेब आणि गोषवारा वेगळे असण्यावर उभी होती.

कमांड सोपी झाली, पण आकड्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी तशीच राहिली. समजा एका मागाच्या सहा पाळ्यांची नोंद ३०, ३२, ०, ३४, रिकामी आणि ३४ मीटर अशी आहे. शून्य म्हणजे वीज नसल्याने माग बंद होता. रिकामी जागा म्हणजे नोंद करायची राहिली. बेरीज १३० मीटर होते. सॉफ्टवेअर साधारणपणे रिकामी नोंद मोजत नाही, म्हणून सरासरी १३० भागिले ५, म्हणजे २६ मीटर येते. रिकाम्या जागी शून्य भरले तर भाजक ६ होतो आणि सरासरी २१.७ वर येते. बंद पाळीही वगळून मागाची खरी गती पाहायची, तर भाजक ४ आणि सरासरी ३२.५ मीटर. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पहिला नोंद झालेल्या पाळ्यांविषयी बोलतो, तिसरा चालू मागाविषयी, आणि दुसरा दिवाणजीच्या विस्मरणाचा भार कामगारावर टाकतो.

सरासरी निवडतानाही हेच भान लागते. समजा पाच कारखान्यांत ४, ४, ६, ८ आणि ४८ माग आहेत. एकूण ७० माग, सरासरी १४. पण १४ मागांच्या जवळपासचा कारखाना त्यांत एकही नाही. मध्यक ६ येतो आणि तो लहान यंत्रमागधारकाच्या स्थितीशी जुळतो. एका कमांडमध्ये सरासरी, मध्यक, किमान, कमाल आणि संख्या पाचही मागवता येतात, म्हणून केवळ सरासरी छापण्याला आता सबब राहत नाही.

कबनूर कोणत्या गटात

गट पाडण्याचा नियम एखाद्या गावाचे वर्णनच कसे ठरवतो, हे कबनूरच्या जनगणनेतील स्थानावरून दिसते. १९६१ पासून भारतात शहर ठरवण्याची कसोटी आखीव झाली. नगरपालिका नसलेली वस्तीही शहर धरली जाते, जर तिची लोकसंख्या किमान ५,००० असेल, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहत असतील. अशा वस्तीला जनगणना नगर म्हणतात. देशात २००१ मध्ये १,३६२ जनगणना नगरे होती आणि २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. कबनूरची नोंद त्यांत आहे. कारभार ग्रामपंचायतीचा आणि गणना शहरात, अशी ही स्थिती आहे.

याचा परिणाम बेरजांवर होतो. २०११ मध्ये इचलकरंजी नगरपालिकेच्या हद्दीत २,८७,३५३ लोक नोंदले गेले. कबनूरसह नागरी समूह धरला की आकडा सव्वातीन लाखांच्या घरात जातो. हद्दीप्रमाणे गट केला तर एक शहर दिसते, वस्तीच्या सलगतेप्रमाणे केला तर दुसरे. पाणीपुरवठ्याची किंवा वाहतुकीची योजना आखणाऱ्याला दुसरा आकडा हवा, आणि कर बसवणाऱ्याला पहिला.

कामगारांच्या गटवारीत हा परिणाम अधिक खोल आहे. १९६१ आणि १९७१ च्या जनगणनांत कामगारांचे नऊ वर्ग होते आणि घराबाहेरच्या उद्योगांतील उत्पादनाला स्वतंत्र वर्ग होता. २००१ पासून प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात चारच वर्ग येतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार. कारखान्यात माग चालवणारा विणकर, शिक्षक, दुकानदार आणि रिक्षाचालक सगळे ‘इतर’ या एका गटात जातात. यंत्रमागावर जगणाऱ्या वस्तीचा गोषवारा वाचून तिथे यंत्रमाग आहेत हे कळत नाही.

घरगुती उद्योगाची व्याख्याही गाव आणि शहर यांसाठी वेगळी आहे. ग्रामीण भागात कुटुंबाने घरी किंवा गावात कुठेही चालवलेला उद्योग घरगुती धरला जातो, त्यात काम करणाऱ्यांत कुटुंबातील माणसे अधिक असली आणि तो नोंदणीकृत कारखान्याच्या स्वरूपाचा नसला की झाले. शहरात मात्र तो राहत्या घराच्या आवारातच चालला पाहिजे. चार माग घरापासून दोन गल्ल्या दूर, भाड्याच्या शेडमध्ये चालवणारे कुटुंब गावात असेल तर घरगुती उद्योगात मोजले जाते. तीच वस्ती जनगणना नगर ठरली की ते ‘इतर’ मध्ये जाते. कुटुंब, शेड आणि माग जागच्या जागी असतात. म्हणून दोन जनगणनांतील घरगुती उद्योगाचे आकडे शेजारी ठेवण्याआधी मधल्या काळात गावाचा वर्ग बदलला का, हे पाहणे आवश्यक असते.

१९७७ पासून होत आलेली आर्थिक गणना वेगळ्या एककाने मोजते. तिच्यात नोंद आस्थापनेची असते, माणसाची नसते. दोन कारखान्यांत दोन पाळ्या करणारा कामगार जनगणनेत एकदा येतो आणि आर्थिक गणनेत दोन्ही आस्थापनांच्या कामगारसंख्येत दिसू शकतो. कोणतीही कमांड देण्याआधी एक ओळ म्हणजे काय, एक माणूस, एक माग, एक पाळी की एक आस्थापना, हे ठरवावे लागते, त्याचे कारण हेच आहे.

आजची स्थिती

गावदप्तरातील नोंदी आता थेट संगणकावर होतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. बारा नंबरची नोंद आणि तिच्यावरून होणारा पिकांचा तक्ता यांच्यामध्ये पूर्वी तलाठ्याच्या हातची बेरीज असे. ती आता सॉफ्टवेअर करते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन कोल्हापूरचे असे अनेक गोषवारे एकत्र देते. पण ते गोषवारेच असतात. त्यांतून कबनूरच्या यंत्रमाग कामगाराविषयी नवा प्रश्न विचारायचा, तर नोंदींच्या पातळीवर जावे लागते.

जनगणनेची पत्रके २००१ मध्ये स्कॅन करून संगणकाने वाचली गेली. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे आणि तिच्यात माहिती डिजिटल साधनांवर घेण्याची व जातीची नोंद करण्याची तरतूद आहे. चिठ्ठ्यांच्या काळात जे तक्ते श्रमांमुळे काढता येत नव्हते, ते यापुढे काही क्षणांत निघतील. या सोयीचा उपयोग तीन गोष्टींवर अवलंबून राहील: नोंदीचे एकक स्पष्ट असणे, गटाची व्याख्या गोषवाऱ्याबरोबर छापलेली असणे, आणि व्यक्तीची ओळख झाकून का होईना, मूळ नोंदी पुढच्या अभ्यासकाला उपलब्ध राहणे. यांतली एखादी जरी सुटली, तरी कमांड आकडा देईलच, पण त्यावरून कबनूरच्या विणकराला नाव, वर्ग आणि संख्या यांपैकी काहीच मिळणार नाही.